डाव्या चाकाचं वय

आमच्या घरात ट्रॉलीची पूजा होते, तपासणी होत नाही. हे मी रागानेच लिहिते आहे आणि राग आवरायचा माझा काही विचार नाही.

माझं माहेर मिरजगावचं. हायवेला लागून वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं आणि दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी तिथेच टायरांच्या चळतीला टेकून केला. त्यामुळे टायर बघायला मला कोणी वेगळं शिकवलं नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं. कोणी ट्रॉली घेऊन आलं की वडील आधी ते आकडे शोधायचे. "ट्रकचा टायर पळून झिजतो," गिऱ्हाइकाला सांगायचे, "तुमची ट्रॉली आठ म्हैनं उन्हात हुबी असती. तिचा टायर झिजत न्हाई, वाळतो. नक्षी बघून फसू नका."

लग्न होऊन देवळालीला आले. इथे ऊस आणि कांदा, त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली दारातच. ती धाकट्या दिरांच्या ताब्यात. दीर मनाने वाईट नाहीत, पण ट्रॉली ही त्यांना मिरवायची वस्तू वाटते. दरवर्षी नवा रंग, मागच्या फळीवर आई-वडिलांचा आशीर्वाद, कडेने रेडियमच्या पट्ट्या, ट्रॅक्टरवर अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा गाण्यांचा डबा. आणि खाली? ट्रकवाल्यांनी काढून टाकलेले टायर. ट्रकला जे नको झालं ते उसाने गच्च भरलेल्या ट्रॉलीला कसं चालतं, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "वहिनी, ट्रॉली काय पळती व्हय?" असं उत्तर मिळालं. पळत नसेल, पण वजन तर तीच वाहते ना? हे मी बोलले नाही, नवी नवरी होते.

दसऱ्याला मात्र टायरचा मान मोठा. ट्रॉली धुवायची, टायरला काळं पॉलिश मारायचं, हार घालायचे. पुरुष उभे राहून नारळ फोडतात. चाकापाशी गुडघे टेकून बसायचं काम आम्हा बायकांचं. वर्षातून एकदा त्या टायरच्या इतक्या जवळ कोणाचं तोंड जात असेल तर ते घरच्या सुनेचं.

दोन दसऱ्यांमागची गोष्ट. मी डाव्या चाकाला कुंकवाचं बोट ओढलं आणि कुंकू वर राहिलंच नाही, आत गेलं. रिमच्या वरच्या अंगाला पॉलिशखाली भेगा दडल्या होत्या. त्यात कुंकू शिरलं आणि वीतभर लाल रेघ उमटली. मी पदरानेच पॉलिश पुसलं आणि आकडे वाचले. माझी लेक पहिलीत गेली त्या वर्षीचा टायर. लेक आता बारावीला होती.

"हा टायर मेलाय," मी म्हटलं. "बदला."

दीर हसले. "वहिनी, नक्षी बघा की. बोट बुडतंय अजून. तुमी आपलं कुंकू लावा."

नवऱ्याने डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "सनासुदीचं मेलाय म्हनू न्हाई गं."

म्हणजे टायरला मेला म्हणायचं नाही, पण मेलेल्या टायरवर जिवंत माणसं बसवायची, त्यात काही अशुभ नाही. मी कुंकू लावलं. तिथेच चुकले.

थंडीत कांद्याची लावणी आली. वावर कालव्यापलीकडे. आळीतल्या दहा-बारा बायका, रोपांच्या जुड्या, पाण्याचे हंडे, सगळं त्याच ट्रॉलीत. आदल्या आठवडाभर तिने ऊस ओढला होता. टायर गार आहे तोवर हवा मोजून घ्या, असं मी सकाळी सांगितलं. दिरांनी टायरला लाथ मारली आणि "टनक हाय" म्हणाले. लाथेने हवा मोजणारे आमच्याकडे घरोघर आहेत.

मी बसले नाही. चालत येते म्हणाले. बायका हसल्या. "पंक्चरवाल्याची लेक हाय, तिला भ्या वाटतं," कोणी तरी म्हणालं. सासूबाई डावीकडच्या फळीला टेकून बसल्या होत्या. "एवढी शहानी हाय, तर ये चालत," त्या वरून म्हणाल्या.

इथे आलं की सगळा राग माझ्याकडे वळतो. मला माहीत होतं. ट्रॅक्टरपुढे आडवं उभं राहायचं सोडून मी पदर खोचून निघाले. त्या साऱ्याजणींना बसू दिलं आणि स्वतःचे दोन पाय तेवढे वाचवले.

कालव्याच्या वळणावर आवाज झाला. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. मागून चालताना, ट्रॉली दिसायच्या आधीच, मला चाक कुठलं ते कळलं. ट्रॉली डावीकडे बसली, फरफटत गेली आणि कडेच्या खडीच्या ढिगात रुतून थांबली. ढीग नसता तर पुढे पाणीच होतं. बायका एकमेकींवर कोसळल्या. कोणाचं कपाळ फुटलं, कोणाचे गुडघे सोलले. सासूबाई फळीवरून खाली पडल्या, त्या उजव्या हातावर.

दवाखान्यात त्यांच्या कोपराला सळई घातली. बाहेर बाकावर बसून दीर येईल त्याला सांगत होते, "दगड लागला टायरला. नशीब आमचं." तिसऱ्यांदा ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. फाटक्या टायरचा तुकडा मी रस्त्यावरून उचलून पिशवीत घातला होता. तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. भेगेच्या तळाशी दसऱ्याचं कुंकू अजून होतं.

"हे कुंकू मी दगडाला लावलं होतं का?" मी विचारलं.

माणूस यातून शिकेल असं वाटतं ना? चौथ्या दिवशी भंगारातून आणलेला आणखी एक टायर दारात येऊन पडला. एकच, डाव्या बाजूसाठी. मग मात्र मी ट्रॅक्टरची किल्ली कमरेला खोचली. ऊस तोडून फडात पडलेला, कारखान्याची पाळी आलेली. नवरा ओरडला, दिरांनी घर डोक्यावर घेतलं. तीन दिवस मी किल्ली दिली नाही. मग दोन्ही बाजूंना नवे टायर आले, एका मापाचे, त्याच वर्षी बनलेले, भरल्या ट्रॉलीचं वजन पेलणारे. आता काम नसलं की ट्रॉली ओंडक्यांवर उचलून ठेवतात आणि टायरांवर गोणपाट घालतात. दीर तर पारावर बसून टायर कसा निवडावा ते लोकांना समजावतात. आकडे कुठे असतात तेही दाखवतात, जणू त्यांनीच शोधून काढले. मला त्याचा संताप येतो, पण ऐकून गावात दोघांनी टायर बदलले, म्हणून गिळते.

सासूबाईंचा हात सरळ होत नाही. त्यांची वेणी मीच घालते. मागच्या दसऱ्याला त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दीर नारळ घेऊन तयार. मी ताट घेऊन डाव्या चाकापाशी बसले आणि कुंकवात बोट बुडवलं.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "आदी आकडं वाच. मोठ्यानं वाच."

दिरांनी उचललेला नारळ खाली घेतला. मी आकडे वाचले. मग कुंकू लावलं, आणि ते लावलं तिथेच राहिलं.