झांज कुठे गेली?

माझा स्वभाव संशयी आहे हे बायकोने मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं, आणि ही कोणाच्या सांगण्यावरून बोलतेय असा मला लगेच संशय आला. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. पण रेकॉर्ड गोळा करणारा माणूस संशयी नसेल तर त्याचं घर भंगाराने भरतं. कव्हर एका रेकॉर्डचं, आत भलतीच. लेबल नवंकोरं आणि खाचा झिजून राखाडी पडलेल्या. वर विकणारा गळ्याची शपथ घेऊन सांगणार, "एकदाच वाजवलीय साहेब, साखरपुड्याला." जॅझ वाजवणारा कुठला रे तुझा साखरपुडा?

ऐंशीच्या दशकात आम्ही डोंबिवलीला लागून कोपरला राहायचो. डोंबिवलीत गाणं ऐकणारे घरोघर, पण ते शास्त्रीय ऐकणारे. माझ्या खोलीतून सॅक्सोफोन सुरू झाला की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. "ह्याचं काय तरी बिघडलंय," असं एक जण माझ्या बायकोला म्हणाला होता. मशीनबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते मला आजवर कळलेलं नाही. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असायचे. पितळी वाद्यांचा आवाज मला लहानपणापासून घरचा. पुढे नोकरीला लागलो तेव्हा कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समधली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला चाललेली. जाताना पलंग, कपाटं विकायची, त्यात कधी रेकॉर्डींचा खोकाही असायचा. ऑफिसातल्या मित्राबरोबर मी कपाट बघायला म्हणून गेलेलो आणि एक रेकॉर्ड घेऊन आलो. कव्हरवर एक काळा माणूस ट्रम्पेट फुंकत होता, त्याचे गाल थेट माझ्या वडिलांसारखे फुगलेले. घरी येऊन लावली आणि संपलोच मी. पन्नास-साठच्या दशकातला जॅझ, बस, दुसरं काही नको.

मग कोणीतरी मला ठाण्याचा अड्डा दाखवला. नौपाड्यात दादांचं घर होतं, तिथे दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमायचो. दादा माझ्यापेक्षा बरेच मोठे. पत्र्याच्या कारखान्यात उभं आयुष्य घालवून मॅनेजर झालेले, बोलणं अगदी पुणेरी, शुद्ध. बाकी दोघांतला एक डोंबिवलीचाच बँकवाला, दुसरा कल्याणचा, रेल्वेतला. सगळ्यांत चांगला प्लेअर दादांकडे, सगळ्यांत जास्त रेकॉर्डी दादांकडे, आणि कान तर फक्त दादांनाच. दोन-चार ठोके ऐकून ड्रमवर कोण बसलाय ते सांगायचे. दादांचा कान म्हणजे आमचं हायकोर्ट, त्याच्यावर अपील नाही.

अड्ड्यावर रेकॉर्ड घरी न्यायची एक रीत होती. तिला आम्ही 'उजेड' म्हणायचो. देणारा आणि घेणारा दोघांनी खिडकीशी उभं राहायचं, रेकॉर्ड कडेने धरून तिरपी करायची आणि दोन्ही बाजूंवरून उजेड फिरवायचा. ओरखडा असलाच तर तिथल्या तिथे दोघांनी बघून घ्यायचा. परत देतानाही तसंच. लिहिणं नाही, सही नाही. पण ज्याच्या हातून रेकॉर्ड खराब झाली त्याला पुन्हा कोणी काही द्यायचं नाही, हा नियम पक्का होता. बाकीच्यांचं ठीक होतं, त्यांच्याकडे स्वतःचा साठा होता. माझं बहुतेक सगळं ऐकणं उसनं. या रेकॉर्डी आमच्या बाजारात मिळत नव्हत्या आणि मिळाल्या तरी मला झेपत नव्हत्या. अड्ड्यावर माझं नाव गेलं की माझा जॅझ बंद, इतकं ते सरळ होतं.

आणि नाव गेलंच. नव्वदी नुकती सुरू झाली होती. दादांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड मी नेली होती. चार वादकांची, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. पुढच्या रविवारी परत दिली, उजेड पाहिला, दोन्ही बाजू आरशासारख्या. दादा स्वतः म्हणाले, "उत्तम." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी ती सगळ्यांसमोर लावली, डोळे मिटून बसले आणि एकदम डोळे उघडले.

"झांज कुठे गेली?"

"कुठली झांज, दादा?" मी विचारलं.

"ड्रमवाल्याची. मागे सतत चालू असते ती. तुझी सुई बोथट आहे. वरचा नाजूक आवाज सगळा खरवडून नेलास तू."

मला झांज स्वच्छ ऐकू येत होती. खोवणीवर खोबरं खोवावं तशी, बारीक, न थांबता. मी म्हटलं, "अहो, वाजतेय की! आणि उजेड बघितला ना आपण?"

"ते डोळ्यांना दिसत नसतं. कानाला कळतं," दादा म्हणाले.

मी बाकीच्या दोघांकडे बघितलं. बँकवाल्याने मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हो, जरा दबलीय खरी." रेल्वेवाला म्हणाला, "दादा म्हणतायत म्हणजे असणार." च्यायला! तिघांच्या तोंडावर झांज वाजत होती आणि तिघंही नाही म्हणत होते. माझी खात्रीच पटली की हे लोक ठरवून आले होते.

मग डोकं थाऱ्यावर राहीना. पहिला संशय असा की रेकॉर्ड दादांनीच वाजवून वाजवून झिजवली असणार आणि आता माझ्यावर ढकलतायत. दुसरा असा की त्यांना मला काढायचंय आणि तोंडावर सांगायचा धीर नाही. बँकवाला कोणाकडे तरी म्हणाला होता म्हणे, "त्याच्याकडे प्लेअर कसला आहे, बघितलाय का कोणी?" ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. बँडवाल्याच्या पोराकडे कसला प्लेअर असणार, असंच ना? तरी सुई बदलली. जुनी सुई भिंगातून बघितली, ठणठणीत होती. बायको म्हणाली, "सोडा ना. कॅसेटी ऐका." मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नाही.

एका सुट्टीच्या दिवशी एकट्यानेच दादांना गाठायचं ठरवलं. सरळ विचारू, काय असेल ते असो. तिसरा मजला चढून गेलो. दाराला नवीन बेल बसवली होती, तेव्हा निघालेली ती चिमणीसारखी चिवचिवणारी. आतून पियानो ऐकू येत होता. मी बेल दाबली. चिवचिव झाली. दार उघडेना. परत दाबली, मग दाबूनच ठेवली. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघून गेली, पण दादांचं दार बंद ते बंद. आत रेकॉर्डची बाजू संपली, कोणीतरी ती उलटली आणि दुसरी सुरू झाली. म्हणजे माणूस आत ठाण मांडून बसलाय आणि मला टाळतोय! कुठेतरी पाणी मुरतंय ते मला कळलं होतंच, आता डोळ्यांनी दिसलं. जिना उतरताना मी मोठमोठ्याने काय काय बोलत होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर सीडी आली. दादांचा भाचा परदेशातून आला, त्याने नेमका हाच अल्बम सीडीवर आणला. अड्ड्यावर मी जात नव्हतो, पण रेल्वेवाला मला कल्याणला भेटला. तो म्हणाला, "अरे, दादा वैतागलेत. म्हणतात सीडीतही झांज नाही. कंपनीने कुठल्या तरी खराब टेपवरून काढलीय म्हणतात."

"आता कंपनीलाही माझी सुई लागली काय?" मी म्हटलं.

तो हसला, पण मी नाही हसलो. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. सीडीला सुई नसते! रेकॉर्डवर झांज नाही आणि सीडीवरही नाही, तर माझ्या सुईचा संबंध काय? दादांच्याच तोंडून मी सुटत होतो. ठरवलं, आणि त्याला तिथेच सांगूनही टाकलं, येत्या रविवारी अड्ड्यावर जायचं, सगळ्यांसमोर आधी सीडी लावायची, मग रेकॉर्ड लावायची, आणि एकेकाला विचारायचं, बोला, ऐकू येते की नाही? बँकवाल्याला तर पहिल्यांदा विचारणार होतो. आठवडाभर मी ते वाक्य आंघोळ करतानासुद्धा म्हणून बघत होतो.

रविवारी मुद्दाम लवकर पोचलो. जिन्याच्या तोंडाशी वहिनी भेटल्या, दादांच्या बायको. हातात भाजीची पिशवी. "अगोबाई, किती दिवसांनी! रुसलात की काय आमच्यावर?" म्हणाल्या. मी पिशवी घेतली आणि दोघं वर गेलो. मी बेलकडे हात नेला, तर त्यांनी मुठीने दारावर दणादण मारायला सुरुवात केली.

"बेल आहे की, वहिनी."

"काय उपयोग तिचा? ही चिमणी बसवल्यापासून ह्यांना ऐकूच येत नाही. गाण्यात इतके बुडालेले असतात! दार बडवल्याशिवाय उघडत नाहीत."

दार उघडलं. दादा मला बघून गडबडले, मग म्हणाले, "ये. बेल का नाही वाजवलीस?" आणि वहिनींकडे वळून, "ती बेल बदलून आणा. दुकानदाराने फसवलंय, वाजतच नाही."

मी आत जाऊन बसलो. मला काहीतरी कळायला लागलं होतं, पण ते मला कळायला नको होतं. म्हटलं, "दादा, ती रेकॉर्ड लावता का? मला परत ऐकायचीय." त्यांनी लावली. शेजारी बसले. या रेकॉर्डमध्ये मध्यावर एक जागा आहे. आधी सॅक्सोफोन थांबतो, मग पियानो, मग बासही. एकटा ड्रमवाला उरतो आणि तोसुद्धा ड्रम नाही वाजवत, नुसती झांज, काठीच्या टोकाने, अगदी हलकी. ती जागा आली. सगळे थांबले. झांज सुरू झाली.

दादा उठले, बाजू संपली असं वाटून सुई उचलायला. हात पुढे नेला आणि तिथेच थांबले, कारण सुई रेकॉर्डच्या मधोमध होती आणि रेकॉर्ड चालू होती. ते सुईकडे बघत राहिले. झांज सगळ्या खोलीभर वाजत होती. वहिनी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या, ते त्यांना ऐकू आलं, "हो हो," म्हणाले. ती चिमणीची बेल आणि ही झांज, असे बारीक आवाजच तेवढे ऐकू येत नव्हते. मग सॅक्सोफोन परत आला तसे ते खाली बसले.

"बघ," मला म्हणाले, "हीच जागा. इथेच खाल्लीय तुझ्या सुईने."

आवाज चढवून म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मला रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं. पत्र्याच्या कारखान्यातल्या ठोकाठोकीत कान घालवून आलेला हा माणूस, त्याच्या आयुष्यात आता दुसरं होतं काय? आणि मी तेच काढून घ्यायला आलेलो, तेही चार लोकांत.

तेवढ्यात बाकीचे दोघे आले. बँकवाला मला बघून भुवया उडवून म्हणाला, "अरे वा! आज स्वारी कशी काय?" दादा ताठ बसले. "याला काहीतरी सिद्ध करायचंय म्हणे," ते म्हणाले. रेल्वेवाल्याने सांगितलं असणार. "कर बाबा. ही रेकॉर्ड, ती सीडी. कर काय करायचं ते."

सीडी माझ्या हाताशी होती. एक बटण दाबायचं होतं. दादा माझ्याकडे बघत होते. आजवर माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. वरून दटावत होते, पण आतून भ्यायले होते, साफ भ्यायले होते.

"काही सिद्ध करायचं नाही, दादा," मी म्हटलं. "सुई बोथटच होती माझी. मला माहीत होतं. पोटात भीती होती म्हणून कबूल केलं नाही."

"बघा! मी काय म्हणत होतो?" बँकवाला मांडीवर थाप मारत म्हणाला.

दादांनी मोठा श्वास सोडला. पाठ टेकली. "अरे, मग आधी नाही का सांगायचं? मला तर वाटायला लागलं होतं…" आणि एकदम हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईतो हसले. वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांना म्हणाले, "ऐकलंत का, सुईच होती याची!" वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि कप ठेवून आत गेल्या.

मग दादांनी रेकॉर्ड उचलली, कव्हरात घातली आणि मला म्हणाले, "नियम म्हणजे नियम. या घरातून तुला यापुढे एकही रेकॉर्ड मिळणार नाही."

किती दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना करारीपणा आला होता. मी म्हटलं, "बरोबर आहे, दादा."