साडूभाऊंची मुंडकी

आमच्या साडूभाऊंनी चिखलीपासून निघोज्यापर्यंतच्या पट्ट्यात जेवढी माणसं गोरी केली आहेत, तेवढी आजवर कुठल्याही साबणाने केली नसतील. या भागात ज्याने म्हणून कुणाला वाढदिवसाच्या जाहीर शुभेच्छा दिल्या आहेत, तो साडूभाऊंच्या हाताखालून गेलेला आहे आणि जाताना चांगला उजळून गेलेला आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे. तरुणपणी कंपनीत चिकटायला म्हणून इकडे आले, तेव्हा गेटवरच्या माणसाने त्यांना आत घेण्याऐवजी ‘भरती बंद आहे’ अशी पाटी रंगवायला दिली. पाटी इतकी सुरेख झाली, की शेजारच्या कंपन्यांनीही आपापली भरती बंद असल्याचं त्यांच्याकडूनच रंगवून घेतलं. पुढे ब्रश गेला, कॉम्प्युटर आला, आणि आता चिखलीत एका लेथच्या वर्कशॉपच्या आणि एका पिठाच्या गिरणीच्या मधल्या गाळ्यात त्यांचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. गिरणीमुळे त्यांचा कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत पांढरा होतो. तोही गोराच, म्हणायचं.

मी स्वतः सांगवीत राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. साडूभाऊ हेच काम हौसेने करतात. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी पत्रिका डोळ्यांजवळ धरून ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केली आहे की फोटोशॉपमध्ये, हे ठरवतात. कोरलमधली असेल तर दोन्ही घराणी चांगली. फोटोशॉपमधली असेल तर जेवताना ते जरा गप्प असतात. कोरलचीसुद्धा त्यांना एकच जुनी आवृत्ती मान्य आहे. ती त्यांच्या कॉम्प्युटरवर कोणी आणि कधी टाकली हे विचारायचं नसतं. त्यानंतर आलेल्या सगळ्या आवृत्त्या म्हणजे त्यांच्या मते कंपनीतल्या लोकांना बसून पगार घ्यायची लाज वाटते म्हणून केलेले उद्योग आहेत. तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नाही. “जोडला की तो सुधारायला बघतो,” असं ते म्हणतात. खंडेनवमीला ते त्याची साग्रसंगीत पूजा करतात. एका वर्षी माऊस उलटा करून त्यालाही मनोभावे हळदकुंकू वाहिलं. खालचा लाल दिवा त्यात बुजला आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. साडूभाऊंनी बाणाचा दसरा आहे असं समजून एक दिवस दुकान बंद ठेवलं.

त्यांच्या दृष्टीने माणसाचे दोनच प्रकार आहेत, कटिंगला सोपे आणि कटिंगला अवघड. फोटोतून माणसाचं डोकं मागच्या पडद्यापासून सोडवून घेणं म्हणजे कटिंग. कुरळ्या केसांचा माणूस दिसला की ते चिंतेत पडतात. मला जेव्हा पहिल्यांदा त्या घरात मुलगी दाखवली, तेव्हा सासरची मंडळी माझं शिक्षण, पगार वगैरे विचारत होती आणि साडूभाऊ कोपऱ्यातून माझ्या टकलाकडे एकटक बघत होते. शेवटी सासऱ्यांनी त्यांचं मत विचारलं. “स्थळ चांगलंय,” ते म्हणाले, “कटिंगला काहीच त्रास न्हाई.” माझं लग्न ठरण्यात या वाक्याचा वाटा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

कापलेली ही सगळी डोकी ते एका फोल्डरमध्ये ठेवतात. फोल्डरचं नाव ‘मुंडकी’. त्यांची पद्धत अशी की मुंडकं एकदाच कापायचं. पुढच्या वर्षी तोच माणूस शुभेच्छुक म्हणून आला की जुनं मुंडकं काढायचं आणि पांढऱ्या शर्टावर बसवायचं. परिणामी चिखलीच्या चौकातल्या फ्लेक्सवर कुणाचंच वय वाढत नाही. खाली चहाच्या टपरीवर सांधेदुखीची तक्रार करणारी माणसं वर ऐन तिशीत हसत असतात. त्यांची लेकरं कॉलेजात गेली, तरी वर बापाच्या मिशीत एक पांढरा केस नाही.

याच पद्धतीने एकदा घात केला. त्या भागातले दादा गेली अनेक वर्षं भावी नगरसेवक आहेत. त्यांच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स हे साडूभाऊंचं वर्षातलं मुख्य काम. त्यावरच दुकानाची अब्रू. दादांचा फ्लेक्स ज्याच्याकडे, त्याच्याकडे बाकीचा चौक आपोआप येतो. दादांच्या कार्यकर्त्यांत एक अण्णा होते, चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचे. डावी भुवई लोखंडाच्या चिपेने मधोमध चिरलेली, स्वभावाने गरीब, मिरवणुकीत कायम मागे. ते कोरोनात गेले. पुढच्या वाढदिवसाला साडूभाऊंनी मुंडकी ओळीने लावली आणि त्यांत सवयीने अण्णाही लागले. फ्लेक्स चौकात चढला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. दादा तावातावाने दुकानात आले. “आर्टिस्ट, गेलेला मानूस मला दीर्घायुष्य चिंतितोय, हे बरं दिसतं का राव?”

साडूभाऊंनी कानाला हात लावले. फ्लेक्स उतरवायला माणसं निघालीच होती, तेवढ्यात अण्णांच्या पत्नी दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. त्या एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायला जातात, त्यांची बस त्याच चौकात लागते. आता या बाई बोलणार आणि आपण ऐकून घ्यायचं, अशा तयारीने साडूभाऊ उठून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “दादा, तेवढं काढू नका. घरातल्या फोटोला हार हाय. हितं बिनहाराचे दिसतेत.”

दादा राजकारणी असले तरी माणूस आहेत. त्यांनी बाहेर जाऊन फ्लेक्स उतरवायला निघालेल्या माणसांना थांबवलं. तेव्हापासून दर वर्षी खालच्या डाव्या कोपऱ्यात, फोन नंबराच्या शेजारी, अण्णा असतात. ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही. चौकातल्या निम्म्या लोकांना आता चेहराच आठवत नाही आणि उरलेल्यांना काही विचारावंसं वाटत नाही.

एआय आमच्या साडूभाऊंच्या आयुष्यात मी आणलं. आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर करायचं होतं. ते मी फोनवर एआयकडून करून घेतलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला नेलं. ‘बोटे सांभाळा’ असं वर लिहिलं होतं, खाली कामगाराचा रुंद पंजा. साडूभाऊंनी तो बारकाईने पाहिला. “हाताला सहा बोटं हायेत,” ते म्हणाले. “चांगली सोय केली. एक प्रेसखाली गेलं तरी पाच राहतेत.” तोवर ते पोस्टर आमच्या कारखान्यात आठवडाभर लागलेलं होतं आणि त्याखाली साहेबांनी शपथ दिली होती.

मग मी हट्टाने त्यांनाही ते वापरायला लावलं. माझा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि सरकारी अर्ज करावा तसं लिहिलं, ‘महोदय, कृपया एक वाघ काढून द्यावा ही नम्र विनंती.’ वाघ आला, शिवाय ‘आनंदाने!’ असं उत्तरही आलं. साडूभाऊ हरखले. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक त्यांच्याशी असं गोड बोललेलं नव्हतं. पुढे त्यांनी त्या वाघाची शेपटी जरा सरळ करायला सांगितली, तर शेपटी सरळ आली पण वाघ दुसराच आला. कान लहान करायला सांगितले, तर तिसरा आला. “ह्यो सुधारतच न्हाई, माणूसच बदलायलाय,” ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. वर आणखी म्हणाले, “शिवाय ह्याच्यात काम काय हाय? नुसतं मागायचं. आमच्या गावाकडं मागून खाणाऱ्याला आर्टिस्ट म्हणत न्हाईत.” मी त्यांना आठवण करून दिली, की दादा ज्या मोठ्या पुढाऱ्याला आयुष्यात कधी भेटले नाहीत, त्याच्याशी हस्तांदोलन करताना तुम्हीच त्यांना तीनदा दाखवलं आहे. “ते खोटं मी स्वतःच्या हातानं केलंय,” साडूभाऊ म्हणाले. या फरकाचा त्यांना खरोखरच अभिमान होता.

यंदा वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी मी दुकानात बसलो होतो, तेव्हा दादा आले. चेहऱ्यावर, उसनी शिडी परत करायला आलेल्या माणसाचा संकोच. “आर्टिस्ट, राग मानू नका. आमच्या जावयानं यंदाचं केलंय. हिंजवडीला असतोय त्यो. चहा गार व्हायच्या आत झालं बगा. तुमी फकस्त साइज करून प्रिंटला धाडा.” आणि त्यांनी फोन पुढे केला.

फ्लेक्स अप्रतिम होता. खोटं कशाला बोला. दादा ढगांतून चालत येत होते, पोट पार नाहीसं झालेलं, मागे सूर्योदय, पायाशी सिंह. खालचे सगळे शुभेच्छुक एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारखे देखणे. कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं, आणि त्यावर कुणाची तक्रार यायची शक्यताही नव्हती, कारण त्यातला सगळ्यांत रुबाबदार तो आपणच, असं प्रत्येकाने धरून चालायला भरपूर वाव होता. साडूभाऊंनी फोन डोळ्यांजवळ धरला. “भारी हाय,” ते म्हणाले. दादांना हायसं वाटलं. पेनड्राइव्ह ठेवून ते गेले.

वर्षाचं मुख्य काम पेनड्राइव्हमधून आलं होतं आणि साडूभाऊंच्या वाट्याला फक्त लांबी-रुंदी राहिली होती. मला वाईट वाटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, “ह्याच्यात अण्णा न्हाईत.”

खरंच नव्हते. जावयाला चालू कार्यकर्त्यांचे फोटो मिळाले होते, त्यात अण्णा कुठून असणार? दादांच्याही लक्षात आलं नसावं. आपण ढगातून चालताना माणसाचं खाली कोपऱ्यात लक्ष जात नाही. मी म्हटलं, त्यात काय, अण्णांचा फोटो एआयला देऊ, तोही बाकीच्यांसारखा करून देईल, शोभूनही दिसेल. साडूभाऊंनी अर्ज केला. अण्णा आले. दाट काळे केस, सरळ नाक, दात शुभ्र, भुवई अखंड. साडूभाऊंनी तो चेहरा लहान करून, मोठा करून पाहिला.

“चांगला हाय माणूस,” ते म्हणाले. “पण कोण हाय?”

मग ते त्या पीठ बसलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी ‘मुंडकी’ उघडली. त्यातले अण्णा म्हणजे काही हुबेहूब अण्णा नव्हेत. खरे अण्णा जन्मात कधी इतके गोरे नव्हते. शिवाय कापताना घाईत उजव्या कानाची पाळी उडाली होती आणि केसांच्या कडेला स्टुडिओच्या लाल पडद्याची रेघ राहिली होती. तो कान नीट करायचा असं साडूभाऊ दर वर्षी म्हणतात. पण भुवई मात्र चिरलेली होती. त्यांनी ते मुंडकं उचलून खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्या देखण्या रांगेच्या टोकाला बसवलं. अगदी विसंगत दिसत होतं. “दादा विचारतील,” मी म्हणालो. “विचारू द्या की,” ते म्हणाले, “साइज करताना आलं म्हणतो.”

वाढदिवसाच्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. साडूभाऊ मला बळेच चौकात चहाला घेऊन गेले आणि फ्लेक्सकडे पाठ करून बसले. कंपन्यांच्या बसेसची वेळ होती. हातात डबे घेतलेली माणसं वर बघत होती, आपापला देखणा चेहरा शोधून खूश होत होती. अण्णांच्या पत्नी आल्या. त्यांनी वर पाहिलं. नजर त्या एकसारख्या चेहऱ्यांवरून सरकत गेली, एकदा गेली, मग परत मागे आली, आणि मला बसवेना. साडूभाऊ कपाकडे बघत होते. “काय करायल्यात?” त्यांनी हळूच विचारलं. नजर कोपऱ्यात पोचली आणि थांबली. बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पदर सारखा केला, आणि बस येईपर्यंत तिथेच तोंड वर करून उभ्या राहिल्या. मी ते साडूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “कान यंदाबी राहिलाच.”

चहा संपला. साडूभाऊ एकदम म्हणाले, “साडूभाऊ, एक गोष्ट ध्यानात आली. फोल्डरमधी सगळ्यांची मुंडकी हायेत, माझं न्हाई.” इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला कुणाचाच शुभेच्छुक म्हणून लावलेलं नव्हतं. “कधी वेळ आली तर तुम्ही त्या एआयकडं जाल अन् भलत्याच माणसाला चौकात टांगाल. त्यापेक्षा आत्ताच एक फोटो काढा. कटिंग मी स्वतः करून ठेवतो. कानासकट.”

त्यांनी केसांतलं पीठ झटकलं, शर्टाची वरची गुंडी लावली आणि सकाळच्या उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. मी फोटो काढला. चांगला आला आहे. भुवया, पांढरे कल्ले, दोन्ही कान, सगळं जागच्या जागी. तेव्हापासून ते तो मागत असतात, आणि मी दर वेळी “पाठवतो, पाठवतो” म्हणतो. अजून पाठवलेला नाही. माझ्याच्याने तो पाठववत नाही.