लग्नपत्रिकेपलीकडचा शेजारी

धायरीच्या भंगारवाल्याकडे रद्दी द्यायला गेले, तेव्हा एक काकू प्लॅस्टिकच्या जुन्या बरण्या उघडून हुंगत होत्या.

"लोणच्यासाठी का?" मी विचारलं.

"लोणच्याचा वास नको म्हणूनच हुंगतेय. फायटर मासे ठेवायचेत. समोरच राहते, बघायला या."

त्यांच्या खिडकीत बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीत एकेक मासा आणि दोन बरण्यांमध्ये आडोशाला जुनी लग्नपत्रिका, कारण हे नर एकमेकांना दिसले की भांडतात. एका निळ्याची शेपटी दुकानातच फाटली होती. आणल्यापासून तो तळाशी पडून असे, खातही नसे.

काकूंनी त्याच्या शेजारची पत्रिका उचलली. निळा कल्ले फुलवून थेट बरणीच्या पारदर्शक भिंतीवर धावला.

"भांडला," काकू हळूच म्हणाल्या. "आता जगतोय बघा."

पत्रिका परत लावायला त्यांनी अंमळ उशीरच केला.