शेवटची नऊ पानं

माझं सगळ्यात आवडतं पुस्तक मी वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत पूर्ण वाचलेलंच नव्हतं. नाशिकला शाळेच्या वाचनालयात ती विज्ञान कादंबरी होती आणि तिची शेवटची नऊ पानं कुणीतरी फाडून नेली होती. चंद्रावरच्या वेधशाळेत एकटा अडकलेला एक माणूस, आणि घाटमाथ्यावरच्या खेड्यात जुना रेडिओ दुरुस्त करून त्याच्याशी रोज बोलणारी एक शाळकरी मुलगी. त्याच्याकडचं यंत्र अर्धं बिघडलेलं असतं. त्याला सगळं ऐकू येतं, पण उत्तर देता येत नाही. मुलीला वाटतं पलीकडे कुणीच नाही, म्हणून ती वर्षभर मनातलं सगळं बोलून टाकते. कुणाचा राग येतो, कुणाची वही चोरली, बापाबद्दल काय वाटतं, सगळं. मग त्याला आणायला यान निघतं, आणि तिथेच पानं संपतात.

शेवट मीच तयार केला. यान त्याला घेऊन येतं, तो थेट शाळेत येतो, मुलगी त्याला हार घालते, बँड वाजतो. हा बँडवाला शेवट मी मामेबहिणींना सांगितला, हॉस्टेलवर सांगितला, लग्न ठरल्यावर नवऱ्यालाही सांगितला. दिवाळी अंक आला की मी आधी विज्ञानकथा शोधायची. रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळयानाची मालिका लागायची. त्या यानाची बटणं म्हणजे बाटल्यांची बुचं होती हे आम्हाला स्पष्ट दिसायचं, तरी कॅप्टनने बूच दाबलं की अंगावर काटा यायचा. आपण दुसऱ्या ग्रहावरच्या माणसांनासुद्धा समजून घेऊ शकतो, असा माझा स्वतःबद्दल मोठा समज होता. तो कतारमध्ये एका ड्रायव्हरने, आवाज जराही न चढवता, उतरवला.

तिथल्या फुटबॉल वर्ल्ड कपला तेव्हा चारेक वर्षं होती. मी एका रस्त्यांच्या कंत्राटदाराकडे प्लॅनिंग इंजिनियर होते. आम्ही उम्म सलाल मोहम्मदला राहायचो आणि मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाले होते, म्हणून कंपनीने गाडी आणि ड्रायव्हर दिला होता. तो आधी मुलीला शाळेत सोडायचा, मग मला ऑफिसात. काल होता तो राउंडअबाउट आज नाही, परवाचं डायव्हर्जन आज उलट्या बाजूने, असे ते दिवस होते. त्यातला अर्धा गोंधळ आमच्याच ऑफिसात ठरायचा, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. वीस मिनिटांचा रस्ता पाऊण तास घ्यायचा. क्रेनची रांग बघून मुलगी म्हणायची की ही माणसं मार्स बांधतायत.

ती नऊ वर्षांची होती. तिच्या टॅबमध्ये परदेशी अंतराळ मालिकांचे भागच्या भाग भरलेले. मी नियम केला, गाडीत टॅब दप्तरात राहील आणि आई मराठीत गोष्ट सांगेल. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. दोन वर्षांत मी तिला माझ्या आवडीच्या सगळ्या विज्ञानकथा सांगून संपवल्या. चंद्रावरच्या माणसाची तर तिने चार वेळा मागून घेतली, माझ्या बँडसकट.

ड्रायव्हर पुढे गप्प बसलेला असायचा. मी त्याच्याशी हिंदीत बोलायचे, ‘भैया, लेफ्ट से लो’, आणि तो ‘जी मॅडम’ म्हणायचा. त्याचं नाव मुसलमानी, दाढी पिकलेली, एवढ्यावर मी त्याला परस्पर हैदराबादचा ठरवून टाकलं होतं. तू कुठला, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. गोष्ट रंगात आली की तो एसीचा पंखा कमी करायचा. मला वाटायचं, मुलीला गार लागत असेल म्हणून करतो.

आमच्यासारख्यांना इथे एक सवय लागते. मराठी ही आपली चार भिंतींतली भाषा, ती बाहेर कुणाला कळत नाही, असं धरून आपण लिफ्टमध्ये, दुकानात, गाडीत वाटेल ते बोलतो. मी त्या गाडीत सासूबद्दल बोलले, साहेबाबद्दल बोलले, नवऱ्याशी फोनवर कडाकडा भांडले. बंद खोलीत बोलावं तसं बोलले.

मग एका रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेच्या वाटेवर कळलं की टॅब दप्तरात नाही. गुरुवारी गाडीत पाहिल्याचं मला पक्कं आठवत होतं. मी तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसून, आवाजसुद्धा न उतरवता, मराठीत म्हणाले, “गाडीतच राहिला होता, यानेच उचलला असणार. ह्या लोकांचं काही सांगता येत नाही.”

गाडी सरळ चालत राहिली. त्याने आरशातही पाहिलं नाही.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी ट्रान्सपोर्ट विभागाला मेल लिहिली. चोरी हा शब्द मी वापरला नाही, तेवढी मी हुशार. वस्तू गहाळ झाली आहे, मुलीच्या दृष्टीने सुरक्षित वाटत नाही, ड्रायव्हर बदलून मिळावा. तिकडून कुणी काही विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून तो साइटवर मजुरांच्या बसवर जाईल, असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्याला हे कुणी कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, त्याच्या शेवटच्या सकाळी, डब्यासाठी घरात ब्रेड नव्हता. मी गाडी दुकानापाशी थांबवायला सांगितली आणि पाच-सात मिनिटांसाठी आत गेले. मुलीला गाडीत त्याच्याजवळ ठेवलं. पर्स मात्र आठवणीने सोबत नेली.

हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

टॅब सापडला तीन आठवड्यांनी. टॅब नाही हे कळण्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, द पर्ल नावाच्या वस्तीत एका मैत्रिणीकडे वाढदिवस होता, तिथल्या सोफ्याच्या फटीत तो गेला होता. तिने फोटो पाठवला, खाली हसरा चेहरा. मुलगी आनंदाने नाचली. मी ट्रान्सपोर्टला मेल लिहायला घेतली. ‘माझा गैरसमज झाला होता’ एवढं लिहिलं आणि थांबले. कॉपीमध्ये साहेब होते. बाई उठसूट आरोप करते असं म्हणतील, असं वाटलं. आता नवा ड्रायव्हर रुळलाय, त्यालाही बसची सवय झाली असेल, उगाच कशाला, असं मी स्वतःला पटवलं. ती मेल ड्राफ्टमध्ये पडून राहिली. गैरसमज कुणाचाही होतो. ती न पाठवणं मात्र मी शुद्धीवर असताना, डोकं शांत ठेवून केलं, आणि मला खरी लाज त्याची वाटते.

थंडी पडल्यावर आम्हा मराठी मंडळींची समैस्माच्या किनाऱ्यावर सहल निघाली. भेळ झाली, क्रिकेट झालं, मग मुलांना गोष्ट सांगायला नेहमीप्रमाणे मला बसवलं. मी चंद्रावरचा माणूस काढला. यान आलं, शाळा सजली, मी बँड वाजवायला घेतला, आणि माझी मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “नो आई, दॅट इज नॉट द एंड.”

मी हसून विचारलं, मग काय आहे?

“ड्रायव्हर अंकल टोल्ड मी, तू ब्रेड आणायला गेलीस तेव्हा. त्यांनी ते बुक शाळेत वाचलंय. ही टॉक्स लाइक आजी.”

माझी सासू दापोलीची आहे. कोकणातलं तिचं हेल काढून बोलणं माझ्या मुलीच्या कानात पक्कं बसलेलं आहे. तेवढ्या एका वाक्यावर मला कळलं, त्या गाडीत मी बोललेलं सगळं त्याला समजत होतं.

बाकीची मुलं मागे लागली तेव्हा तिने खरा शेवट सांगितला, अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत. माणूस परत येतो. तो त्या खेड्यात जातो, पण शाळेत शिरत नाही. मुलगी विहिरीवर असते. तिचा आवाज तो लगेच ओळखतो. तिने कुणाची वही चोरली, ती कुणासाठी रडली, त्याला सगळं माहीत असतं. आपण ऐकत होतो हे कळलं तर हिला कसं वाटेल, असा विचार करून तो फक्त प्यायला पाणी मागतो. ती देते. तो पितो आणि निघून जातो.

मुलांना हा शेवट आवडला नाही, त्यांना बँड हवा होता. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं की इतके दिवस मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, अंकलनीच सांगितलं होतं. मग त्यांचे शब्द तिने जसेच्या तसे, त्याच हेलात म्हणून दाखवले. “आईला लगेच सांगू नको हां. त्यांना कानकोंडं होईल.” आणि मला विचारलं, “व्हॉट इज कानकोंडं?”



पुढे भावाने नाशिकमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानातून धड प्रत शोधली आणि शेवटच्या नऊ पानांचे फोटो पाठवले. विहीर होती, पाणी होतं, सगळं तसंच होतं. म्हणजे कोकणातल्या कुठल्याशा शाळेत एका मुलाने माझंच पुस्तक पूर्ण वाचलं होतं. दोन वर्षांत चारही वेळा त्याने माझा खोटा शेवट ऐकून घेतला होता, आणि नीट ऐकू यावं म्हणून पंखा कमी केला होता.

ड्राफ्टमधली मेल मी सहलीच्या दुसऱ्या दिवशी पाठवली. उत्तर आलं, नोंद घेतली आहे, सध्या बसवर माणसांची गरज आहे. मग एका दुपारी मी साइटच्या गेटपाशी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. ‘दादा, माझं चुकलं. तुम्ही सगळं ऐकलंत, मला माफ करा.’ एवढंच, पण मराठीत. हिंदीत माफी मागणं म्हणजे त्याला अजून परकाच धरणं झालं असतं.

पांढरी बस आली. माणसं उतरली, गमछे झटकत पाण्याच्या टाकीकडे गेली. तो स्टिअरिंगवर होता, दाढी आणखी पिकलेली. मला बघून तो सीटवरून अर्धा उठला, पूर्वी गाडीचं दार उघडायला उठायचा तसा. मी पायरीजवळ गेले, तोंड उघडलं, आणि सवयीने शब्द बाहेर पडले, “भैया, वो टॅब मिल गया था. गलती मेरी थी.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही बोलते का, याची तो वाट बघत होता असं मला आजही वाटतं.  मराठी ओठांवर होती, पण ती काढली असती तर त्या गाडीत बोललेलं एकेक वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं असतं. त्याला ते दिसलं असावं. तोही हिंदीतच म्हणाला, “कोई बात नहीं, मॅडम. बेबी को सलाम बोलना.”

मी हातातली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली, थोडं पाणी प्यायला, आणि बस वळवून नेली.