खुडूक कोंबडीच्या नाकातलं पीस

मला एका जागी बसायला जमत नाही, आणि दुसरं कुणी बसलेलं बघवतही नाही. त्या साली तर घरात दोघी बसून होत्या. एक माझी चार वर्षांची लेक, टायफॉइडमधून नुकती उठलेली. दुसरी आमची तांबडी कोंबडी, खुडूक होऊन उबवायला बसलेली. बाकीच्या कोंबड्या मरीच्या साथीत गेल्या होत्या, ही एकटीच उरलेली.

कागलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला रोज एक अंडं द्या. दुकानातलं पांढरं अंडं ती थुंकायची. तांबडीचं मात्र खायची, तेही स्वतः खुराड्यातून उचलून आणलेलं. हातापायाच्या काड्या झालेल्या, भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नव्हता. आणि नेमकं तेव्हाच या बयेनं अंडी बंद केली! खाली काही नाही, नुसतं भुसकट, आणि ही पंख फुलवून ठाण मांडून. हात घातला की टोचायची.

"बसू दे की तिला," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या सासूला कशाचीच घाई नसायची. "शेजारनं चार अंडी आणून घाल खाली. एकवीस दिसांचा तर खेळ हाय."

"आणि तवर पोरीला काय घालू? पिल्लं निघाली तरी दोन म्हैनं अंडं देत न्हाई ती!"

हौदात बुडवून काढली. डालग्याखाली उघड्या फरशीवर कोंडली. तिच्या कोपऱ्यात दगड रचले, तर ही बया दगडांवर जाऊन बसली! मी दिवसातून दहादा उठवायची, ती अकराव्यांदा बसायची. पाचव्या दिवशी पोरीनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि माझं डोकं फिरलं. खुडूक मोडायचा आमच्याकडं एक शेवटचा उपाय असतो. तिच्याच पंखाचं पीस उपटलं, तिला मांडीखाली दाबली आणि नाकपुड्यांतून ते आरपार घातलं. कोंबडी किंचाळली. मान झटकत अंगणभर फिरत राहिली, पण बसली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लेक दारात उभी होती, हे मी नंतर बघितलं.

दोन दिवसांनी पीस काढलं. आठवड्याभरानं तांबडीनं अंडं घातलं. मी नाचतच उकडलं, मीठ लावून पोरीपुढं ठेवलं. तिनं ताटली सरकवली.

"तिला पिल्लं पायजे हुती. आदी तिला पिल्लं दे, मग मी खातो."

गोंजारलं, दम दिला, पाठीत एक धपाटाही घातला. न्हाई म्हणजे न्हाई. शेवटी शेजारून चार अंडी मागून आणली, भुसकटावर मांडली आणि तांबडीला वर बसवली. उठली. पुन्हा बसवली, पुन्हा उठली. मग तिच्यावर डालगं पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. "बस की गं बाई, चुकलं माझं, बस!" आत तिची नुसती धडपड. एक अंडं फुटलं, बलक फरशीवर आला. मला रडूच कोसळलं.

लेक जवळ आली. माझे हात डालग्यावरनं काढायला लागली.

"सोड आई तिला. आता ती न्हाई बसायची."

सोडली. त्या दिवशी लेकीनं दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, आत्याबाईंच्या हातून. माझ्या हातचा घास घ्यायला तिला पुढं पुष्कळ दिवस लागले.