पाहुण्यांची खाट

"जागा बघितलीत का?" चष्मा कपाळावर चढवून ते आधी एवढंच विचारायचे. ज्याच्यावर सगळे वैतागतात आणि ज्याच्यावाचून पानही हलत नाही, असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच!

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. विश्रांतवाडीहून येणाऱ्या या सर्व्हरवाल्या गृहस्थांना मात्र साहेबांसकट सगळे 'अहो' म्हणत.

लोकांना घरून सुरक्षितपणे ऑफिसच्या मशीनवर येता यावं, म्हणून नवा सर्व्हर बसवायचा होता. माझ्यावर सोपवलेलं पहिलं मोठं काम. मी तडक इन्स्टॉल करायला बसले, तर यांनी पट्टीने रेघा मारलेला कागद पुढे सरकवला.

"सॉफ्टवेअर इथे. आत येण्याच्या गुप्त चाव्या इथे, कुलपात. आणि कोण कधी आलं-गेलं त्या नोंदी?"

"त्याच डिरेक्टरीत, सॉफ्टवेअरशेजारी."

"छान. म्हणजे केराचा डबा ओट्यावर!"

"पण पुस्तकात लिहिलंय, पाच जीबी पुरतात."

"पुस्तकाला पुरत असतील हो."

नोंदींना वेगळी डिस्क मिळाली. वर त्यांनी तिथे एक भलीमोठी फाइल करून ठेवली. आत कामाचं काही नाही, नुसती जागा अडवलेली. नाव 'पाहुणे'.

"ही कशाला?"

"आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं. तरी एक खाट रिकामी असायची. गावाकडून कोणीतरी टपकायचंच."

चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. ते मागेच उभे होते. "हसा. पण पुसू नका," म्हणाले आणि कप विसळायला गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते निवृत्त झाले. पुढे एकदा बिघाड शोधताना मी बारीकसारीक नोंदी सुरू केल्या आणि बंद करायला विसरले. ऐन डिलिव्हरीच्या सकाळी डिस्क भरली. नोंद लिहायला जागा नाही, म्हणून सर्व्हर कोणालाच आत घेईना. साहेब डोक्यावर उभे. "दहा मिनिटांत जमत नसेल तर हे काम दुसऱ्याला देतो."

यादीत 'पाहुणे' दिसली. पुसली. सर्व्हर माणसं आत घेऊ लागला. आधी त्या नोंदी बंद केल्या, मग त्यांना फोन लावला.

"अहो, पाहुणे आले होते."

"सोय झाली ना?" पलीकडून हसू आलं. "मग खाट परत टाका."

आज ते नाहीत. फार आठवण येते. सर्व्हर तीनदा बदलले, दर वेळी ती फाइल मी स्वतः करते. टीममधले हसतात.

"हसा," मी म्हणते, "पण पुसू नका."