बर्फातला किल्ला

हे मनीषालाही माहीत नाही. इतकी वर्षं संसार झाला, माझ्या घोरण्यापासून बँकेच्या पासवर्डपर्यंत सगळं तिला ठाऊक आहे — पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही अण्णांना ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या ते तुम्हाला बागेत भेटणार नाहीत, तुम्ही त्यांना काही बोलणार नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच झाला. असो.

आणि ऐकून हसू नका. सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून झाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, नाशिकहून रोज कंपनीच्या बसने जायचे. त्या बसमध्ये त्यांची एक ख्याती होती — सिनेमाची स्टोरी सांगावी तर अण्णांनीच. त्यातही त्या इंग्रजी गुप्तहेराची. दर दोन-चार वर्षांनी त्याचा नवा सिनेमा यायचा, नट थकला की दुसरा यायचा, सूट मात्र तोच. अण्णांना इंग्रजी जेमतेम कळायचं. पण सिनेमा पाहून आले की पुढचा आठवडाभर तो बसमध्ये चालायचा. आडगावपर्यंत मारामारी, दहाव्या मैलाला हीरो हेलिकॉप्टरला लटकलेला, आणि कारखान्याचं गेट आलं की 'बाकी उद्या'. मीसुद्धा लहानपणी हे सिनेमे त्यांच्या तोंडूनच पाहिले. मोठेपणी खरे पाहिले, तर निम्मे फिके वाटले.

रिटायर झाल्यावर बस सुटली. बसमधली मंडळी — पगारेकाका, शेखकाका, आणखी दोघंतिघं — सकाळी आमच्या जवळच्या बागेत बाकावर जमायची. बोलणं काय, तर बीपी आणि गुडघे. आई गेल्यावर अण्णा तिथे नुसते बसून यायचे.

मग मी तो गेम आणला. त्याच गुप्तहेराचा. स्वतःसाठी आणला होता, खोटं कशाला बोलू? आधी जाहिराती काय, गाजावाजा काय! आणि निघाला अगदीच भिकार. हीरोचा चेहरा सिनेमातल्या कुठल्याच नटासारखा नाही, आवाज भलत्याचाच. अर्धा वेळ खोक्यांमागे लपून बसायचं. पहारेकरी तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलणार. जगभरातले लोक नेटवर त्याला शिव्या घालत होते.

पण पहिल्याच संध्याकाळी अण्णा खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. "ह्याच्या बुटात खडा गेलाय का रे? असा काय चालतो?" म्हणाले. आणि बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते सगळं बागेत सांगितलं. मला कसं कळलं? शेखकाका रस्त्यात भेटले. "आज लवकर खेळ रे बाबा," म्हणाले, "तो ट्रकमध्ये अडकलाय, आमचा जीव टांगणीला लागलाय." गेममध्ये तो ट्रक साधा उभा होता हो! अण्णांनी त्याला घाटात नेऊन, ब्रेक फेल करून ठेवला होता.

त्या दिवसांत अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बागेत जायचे. संध्याकाळी माझी गाडी गेटात शिरली की टीव्ही आधीच चालू असायचा. मी सातपूरच्या ऑफिसातून दिवसभर सप्लायरशी डोकं लावून यायचो आणि समोर अण्णांची खुर्ची मांडलेली. मला ते छान वाटायला हवं होतं ना? सुरुवातीला वाटलंही. नंतर — नंतर कंटाळा आला. गेमचा आला, आणि अण्णांचाही आला. हेही सांगूनच टाकतो. मला ऑफिसातल्या मित्रांबरोबर ऑनलाइन फुटबॉल खेळायचा होता आणि मागून प्रश्न यायचे — ती बाई कोण, ह्याने तिला सोडलं का, आता कुठे निघालाय?

एका संध्याकाळी बर्फातला किल्ला आला. गुप्तहेराला खांबाला बांधलेलं, त्याची स्वतःची साहेबीणच फितूर असल्याचा संशय. ती दार उघडून आत येते आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग सुरू व्हायला जरा वेळ लागतो, एवढंच. मी बटण दाबून गेममधून बाहेर पडलो आणि म्हणालो, "संपला, अण्णा."

"असा कसा संपला?"

"हल्ली असंच करतात. पुढचा गेम विकायचा असतो ना." वर मोबाईलवर लोकांच्या शिव्या वाचून दाखवल्या. सगळं जग त्याला वाईट म्हणत होतं, तेव्हा शंका तरी कोण घेणार? अण्णांची नजर अजून काळ्या टीव्हीवरच होती. "आता त्यांना काय सांगू?" म्हणाले. मी फुटबॉल लावला.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

अण्णांनी बागेत प्रामाणिकपणे सांगितलं, गेम तिथेच संपतो, कंपनीने फसवलं. आठ-दहा दिवसांनी ते पगारेकाकांच्या नातीच्या कानावर गेलं. ती इंजिनीअरिंगला आहे, तिने पूर्ण खेळला होता. संपत कसला आजोबा, ती म्हणाली, साहेबीणच त्याला सोडवते, मग अख्खा किल्ला जळतो! दुसऱ्या दिवशी बाकावर हशा. "झोपला असशील लेका खुर्चीत," पगारेकाका म्हणाले. "लय म्हातारा झाला तू."

अण्णा घरी आले. दारात चपला काढता काढता त्यांनी मला विचारलं, "किल्ला जळतो म्हणे. आपण पाहिला का रे तो?"

साधा प्रश्न होता. चिडून विचारला नव्हता. 'नाही अण्णा, मला कंटाळा आला होता' एवढं म्हणायचं होतं. ते रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, झालं. पण मनीषा स्वयंपाकघरातून ऐकत होती, मला ऑफिसला उशीर होत होता आणि — नाही, ही कारणं नाहीत. मला खोटारडा ठरायचं नव्हतं.

"पाहिला की," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी पुढचा भाग सापडला, तेव्हा खेळलो ना आपण. तुम्ही इथेच होता. विसरलात."

"मी जागा होतो?"

"जागे म्हणजे काय! किल्ला पेटला तेव्हा टाळी वाजवलीत तुम्ही."

ही टाळी मला कुठून सुचली? तिची गरजसुद्धा नव्हती. पण अण्णांना पटलं ते त्या टाळीमुळेच. कारण पेटलेला किल्ला पाहून त्यांनी खरंच टाळी वाजवली असती. ते चप्पल हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "असेल."

त्या दिवसापासून अण्णा स्वतःला तपासायला लागले. गॅस बंद केला का? गोळी घेतली का? नक्की? मनीषाने काळजीने डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे, वयाच्या मानाने फारच छान. अण्णांनी विश्वास ठेवला नाही. "त्यांना काय माहीत," म्हणाले, "मी किल्ला विसरलो." मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. बागेत जाणं त्यांनी सोडलं नाही, पण सांगणं सोडलं. कुणी आग्रह केला की म्हणायचे, नको, मी काहीतरी चुकीचं सांगेन.

गेल्या महिन्यात त्या गुप्तहेराचा नवा सिनेमा लागला. मी अण्णांना आणि पगारेकाकांना घेऊन गेलो. मला वाटलं, हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणजे पुन्हा सांगतील. माझ्या तोंडून काही न निघता सगळं सुरळीत होईल, अशी आशा होती मला. शेखकाका गुडघ्यांमुळे आले नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार, मीही बागेत गेलो. शेखकाका सरसावून बसले, "हां, सांग आता. बसच्या दिवसांपासून अशीच वाट पाहतोय."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचार. ह्याच्या लक्षात असतं सगळं."

मग मी स्टोरी सांगितली. चार वाक्यांत आटोपली. शेखकाका गुडघे चोळायला लागले, पगारेकाका दुसरीकडे बघत होते. अण्णा मात्र माझ्या तोंडाकडे बघत लक्ष देऊन ऐकत होते, आणि संपल्यावर त्यांनी एकट्यांनीच टाळी वाजवली. एकदाच. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "तेव्हा अशीच वाजवली होती का रे मी?"

मी हो म्हणालो.